गरोदरपणातली साखर आणि मोबाइल ॲप: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
नमस्कार मंडळी,

माझी लेक पाच आठवड्यांची झाली. ती झोपली की चार ओळी लिहायच्या, असं करत चार दिवसांत हा धागा लिहिलाय. तिच्या वेळी मला गरोदरपणातला मधुमेह निघाला होता. तेव्हा मी रात्र रात्र मराठीत काही सापडतंय का ते शोधत होते. आहाराबद्दल थोडंफार मिळालं. ॲपबद्दल मात्र कोणी धड काही लिहिलेलं नव्हतं, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली.

२६व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी केली. दोन तासांनी साखर १६३. आपल्याकडच्या सरकारी सूचनांप्रमाणे १४० किंवा जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझ्या माहेरी कोणाला मधुमेह नाही, वजन बेताचं, गोडाची आवड नाही. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येईपर्यंत रिक्षात रडत होते. डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत नीट समजावलं. वार (प्लॅसेंटा) जी संप्रेरकं तयार करते ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. स्वादुपिंडाला जास्तीचं इन्सुलिन करायला जमलं तर साखर ठीक राहते, कमी पडलं तर वाढते. मी लाडू खाल्ले म्हणून हे झालं नव्हतं. हे ऐकल्यावर जीवात जीव आला.

मग ठरलं की दिवसातून चार वेळा बोटातून साखर बघायची. सकाळी उपाशीपोटी ९५च्या आत आणि तिन्ही खाण्यांनंतर दोन तासांनी १२०च्या आत. ब्लूटूथचं ग्लुकोमीटर आणलं, त्याला जोडणारं ॲप उतरवलं. पट्टी लावली, रक्ताचा थेंब दिला की आकडा आपोआप मोबाइलमध्ये. १२० की १४० हे लक्षात ठेवायची गरज नाही, कारण ॲप रंग दाखवतं. हिरवा म्हणजे ठीक, तांबडा म्हणजे जास्त.

नऊ दिवस जवळजवळ सगळं हिरवं. घरचे खूश, मीही खूश. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी मोबाइल हातात घेतला, यादी खालपर्यंत सरकवली आणि विचारलं, "हे १४८ हिरवं कसं?" मग त्यांनी केसपेपरवर एकेक आकडा उतरवला आणि लाल पेनाने गोल केले. दुपारच्या जेवणानंतरच्या नऊ आकड्यांपैकी सात १२०च्या वर होते. १३१, १४८, १२७, १५२...

ॲपच्या सेटिंगमध्ये गेलो तर तिथे लक्ष्य होतं ७० ते १८०. ते साध्या मधुमेहाच्या माणसासाठीचं होतं. गरोदर बाईचं लक्ष्य किती कडक असतं हे त्या ॲपला ठाऊकच नव्हतं, आणि मी एकदाही सेटिंग उघडून बघितलं नव्हतं. वरची मर्यादा १२० केल्याबरोबर अर्धा पडदा तांबडा झाला. तो क्षण मी विसरणार नाही.

तेव्हा ज्या कोणी आत्ता या वाटेवर आहात त्यांना माझं कळकळीचं सांगणं: ॲप उतरवल्यावर पहिलं काम लक्ष्याचे आकडे बदलायचं. ते आकडे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्यांच्यासमोरच भरा.

तुम्ही कोणतं ॲप वापरलंत, काय उपयोगी पडलं, कुठे फसगत झाली, लिहा.

कोकमसरबत
अगदी वेळेवर आला धागा. मी २९ आठवड्यांची आहे, मागच्या सोमवारी कळलं. आत्ताच ॲप उघडून बघितलं, माझंही १८०वरच होतं! बदललं. खूप खूप आभार ताई.

एक प्रश्न. नेमकं कोणतं ॲप घ्यावं? प्ले स्टोअरवर शोधलं तर इतकी निघतात की गोंधळून जायला होतं.

रानजाई
@कोकमसरबत, आधी मीटर कोणतं ते बघा, कारण ब्लूटूथ मीटर बहुतेक आपापल्या कंपनीच्या ॲपशीच नीट जुळतं. अ‍ॅक्यूचेकची काही मीटर मायशुगरला जोडता येतात, वनटचचं रिव्हील, कॉन्टूरचं स्वतःचं वेगळं. बीटओचं मीटर थेट फोनच्या खाचेत बसतं. मीटर आधीच घरात असेल तर ॲपसाठी नवं घेऊ नका. हाताने आकडे भरले तरी चालतं.

मी चार गोष्टी बघेन. लक्ष्याचे आकडे बदलता येतात का, आकड्याशेजारी काय खाल्लं ते लिहिता येतं का, सगळ्या नोंदींची पीडीएफ निघते का, आणि एकक आपलं मिलिग्रॅमचं आहे का. बाकी आलेख, बक्षिसं, टाळ्या वाजवणारी चित्रं यांनी मला तरी काही मदत झाली नाही.

निरगुडी
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हा धागा वाचून फार बरं वाटलं, कारण हिरव्या रंगाने फसलेल्या बायका मी दर महिन्याला बघते. थोडं सविस्तर लिहिते.

रानजाई, घरात कोणाला नाही आणि वजन बेताचं तरी कसं झालं, हा प्रश्न आपल्याकडे फार जणी विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असतात, पण अंगात चरबीचा वाटा त्या मानाने जास्त असतो, असं त्यातून दिसलं. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह का होतो याचं एक मूळ तिथे आहे. म्हणूनच आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची असते, फक्त जाड बाईची नाही.

आता ॲपबद्दल. यावर चांगले अभ्यास झालेत, आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ऑक्सफर्डमध्ये जीडीएम-हेल्थ नावाचं ॲप करून २०३ बायकांवर तपासलं, ते २०१८ साली छापून आलं. मीटरचा आकडा फोनवर जातो, बाई जेवणाची खूण करते आणि दवाखान्यातल्या सुईणी संगणकावर ते बघतात. साखरेत नेहमीच्या पद्धतीपेक्षा ठळक फरक पडला नाही, पण सिझेरियनचं प्रमाण कमी दिसलं आणि बायका जास्त समाधानी होत्या. त्याच वर्षी इस्राएलमधला १२० बायकांचा अभ्यास आला. तिथे दवाखान्यातून रोज संध्याकाळी प्रत्येकीला तिच्या आकड्यांवर निरोप जायचा. त्यांची साखर जास्त चांगली राहिली आणि इन्सुलिन कमी जणींना लागलं. नॉर्वेतल्या ॲपमध्ये माहिती आणि आहार फार छान होता, नॉर्वेजियनबरोबर उर्दू आणि सोमाली भाषेतही होता, पण बाळंतपणानंतरच्या तपासणीत ॲप वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या बायकांत फरक आढळला नाही.

हे सगळं वाचून आणि माझ्या बायका बघून माझं मत असं झालंय की पलीकडे कोणी वाचणारं असेल तरच ॲपचा खरा उपयोग. पलीकडे कोणीच नसेल तर ती नीटनेटकी वही आहे, बस. वही चांगलीच, पण वहीने औषध बदलत नाही. म्हणून मी माझ्या पेशंटना सांगते, पीडीएफ दर रविवारी पाठवा. मी सोमवारी सकाळी बघते.

आणखी दोन धोक्याच्या जागा. पुष्कळ ॲप साखरेच्या सरासरीवरून "अंदाजे एचबीएवनसी" (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) दाखवतात. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे रक्तातली खरी एचबीएवनसी मुळातच कमी येते. ती ५.२ आली म्हणून निर्धास्त होऊ नका आणि ॲपचा अंदाज तर बघूच नका. दुसरं, काही ॲप इन्सुलिनचा हिशोब करून देतात. गरोदरपणात कुठल्याही ॲपच्या सांगण्यावरून युनिट बदलू नका. साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

आजोळ
मी साठीची. माझ्या सुनेला गेल्या वर्षी हे होतं. तिने ते दोन तासांचं घड्याळ ॲपमध्ये लावलेलं असायचं. आमच्याकडे दुपारचं जेवण सावकाश, गप्पा मारत. ती आंचवून आली की घड्याळ लावायची. पुढे तिच्या आहारतज्ज्ञ म्हणाल्या, पहिला घास घेतला तिथपासून दोन तास मोजायचे. म्हणजे आम्ही तोवर रोज पाऊणेक तास उशिरा साखर बघत होतो आणि आकडा बरा आला म्हणून समाधान मानत होतो!

मग मी ते काम माझ्याकडे घेतलं. तिच्या ताटात पहिली पोळी वाढली की मी तिच्या मोबाइलवरचं घड्याळ सुरू करायची. सुरुवातीला तिला वाटलं मी पाळत ठेवतेय. नंतर म्हणायची, आई, तुमच्यामुळे माझं एक ओझं गेलं.

सासवांनो, हे वाचत असाल तर सुनेला डिंकाच्या लाडवांचा आग्रह नका करू. बाळंत झाल्यावर साखर बघून ठरवता येईल. आत्ता पोटातल्या बाळासाठी ती नको म्हणते, ते ऐका.

रानजाई
@आजोळ काकू, डोळ्यांत पाणी आलं वाचून. माझ्या डोहाळजेवणाला सगळ्या जणींनी एकेक घास भरवला, नऊ घास. मी कोणालाच नाही म्हणू शकले नाही. दोन तासांनी १८१. त्या आकड्याशेजारी ॲपमध्ये मी फक्त "डोहाळजेवण" असं लिहिलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ते वाचलं आणि त्या आकड्यावर गोल केला नाही. नुसता आकडा असता तर औषध वाढवावं का असा विचार आला असता. म्हणून म्हणते, आकड्याशेजारी दोन शब्द तरी लिहाच.

टेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये असते, दुसऱ्या वेळी हे झालं. इथे दवाखान्यानेच मीटर आणि ॲप दिलं. निरगुडीताईंनी लिहिलंय तसं, पलीकडे मधुमेहाची टीम आकडे बघायची. एकदा सलग तीन दिवस सकाळची साखर जास्त आली तर चौथ्या दिवशी मला फोन, मी न कळवता. तो आधार फार मोठा होता, विशेषतः आई-सासू कोणी जवळ नसताना.

इथले आकडे वेगळे असतात. मिलिमोलमध्ये मोजतात. उपाशीपोटी ५.३च्या खाली, एका तासाने ७.८च्या खाली, आणि दोन तासांनी बघायचं असेल तर ६.४च्या खाली. १८ने गुणलं की आपला आकडा मिळतो, म्हणजे ५.३ म्हणजे साधारण ९५. आईला फोनवर "सात पॉइंट दोन" सांगितलं की ती आनंदाने म्हणायची, "अगं मग फार कमी झाली की!" आणि खायला घाल म्हणायची. भारतातून मीटर आणून इथलं ॲप वापरणाऱ्यांनी एकक नक्की तपासा.

माझी तक्रार आहाराच्या भागाबद्दल. सगळे नमुने ब्रेड, पास्ता, बटाटा यांचे. थालीपीठ शोधलं तर काही नाही. उसळ नाही, पिठलं नाही. शेवटी मी स्वतःची यादी केली, एक महिना लागला.

कोकमसरबत
@टेम्सकाठी, ती यादी इथे द्याल का प्लीज?

टेम्सकाठी
देते, पण ही माझ्या शरीराची यादी आहे, तुमचं वेगळं असेल. एका तासाचे आकडे मी १८ने गुणून लिहितेय. नाश्त्याला कांदेपोहे, एक वाटी: १५८. तेवढेच पोहे पण निम्मे पोहे, निम्मी मोड आलेली मटकी, शेंगदाणे: १३३. मुगाची दोन धिरडी आणि दही: ११९. दलियाचा उपमा भाज्या घालून: १४२, आणि तोच उपमा रात्रीच्या जेवणाला: १२४. सकाळी शरीर कर्बोदकं कमी सोसतं असं टीमने सांगितलं होतं, ते मला आकड्यांतून प्रत्यक्ष दिसलं. रात्री वरण-भात एक मूद, आधी कोशिंबीर आणि भाजी खाऊन: १२६. आधी भात खाल्ला तर: १४७. सगळे पदार्थ तेच, फक्त खायचा क्रम बदलला!

निरगुडी
@टेम्सकाठी, फार मोलाची यादी. यात एक भर घालते. भाकरी म्हणजे साखर वाढत नाही असा पुष्कळ जणींचा समज असतो आणि मग तीन भाकऱ्या होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांमध्ये १०० ग्रॅम ज्वारीत ६७-६८ ग्रॅम कर्बोदकं आहेत, गव्हाच्या पिठात ६४च्या आसपास. भाकरीत तंतू चांगले असतात, पोट भरलेलं राहतं, म्हणून ती चांगलीच आहे. पण एक मोठी भाकरी दोन-तीन फुलक्यांच्या पिठाएवढी असते. ॲपमध्ये "१ नग" लिहू नका. एकदा पिठाचा गोळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघा, मग डोळ्याला कायमचा अंदाज येतो.

आणि कॅलरी मोजणारी सर्वसाधारण ॲप वापरत असाल तर त्यातलं "वजन कमी करणे" हे ध्येय आधी काढा. माझ्याकडे एक बाई आली होती, ॲपने दिलेल्या १२०० कॅलरी काटेकोर पाळत होती. साखर उत्तम होती, पण लघवीत कीटोन (उपासमारीत चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) होते आणि तिचं वजन उतरत होतं. गरोदर बाईने उपाशी राहून साखर उतरवायची नाही.

बापमाणूस
मी नवरा आहे, चालेल ना इथे लिहिलं तर? बायको बोट टोचायला घाबरायची म्हणून ते काम माझ्याकडे होतं. एक प्रसंग सांगतो. मे महिना, संध्याकाळी साखर २३१ आली. आम्हा दोघांच्या हातापायातलं बळ गेलं. ॲपवर तांबडा पडदा, खाली सूचना की त्वरित डॉक्टरांशी संपर्क साधा. मी फोन लावतच होतो, तेवढ्यात ती म्हणाली की मघाशी तिने पाहुण्यांसाठी हापूस चिरला होता आणि हात नुसते फडक्याला पुसले होते. साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतली. ११२.

बोटाला लागलेला आंब्याचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला की मीटरला तो कळत नाही. स्पिरिट लावून भागत नाही, साबण आणि पाणीच हवं. आणि तो चुकीचा आकडा ॲपमधून काढता येत नसेल तर त्याशेजारी "आंबा, हात न धुता" असं लिहा, नाहीतर सरासरी बिघडते.

बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. कमी दुखतं.

कीबोर्ड
चांगल्या मीटरसाठीही आयएसओ १५१९७ या २०१३च्या आंतरराष्ट्रीय मानकात चुकायची मुभा आहे: १०० आणि त्यावरच्या आकड्यांत १५ टक्के, १०० खालच्या आकड्यांत १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे, आणि १०० पैकी ९५ आकडे या मर्यादेत बसायला हवेत. म्हणजे ११८ आणि १२४ यांत फरक आहेच असं म्हणता येत नाही. बायको एका १२३ वरून रात्रभर जागी राहिली होती म्हणून लिहितोय. एका आकड्याकडे बघू नका, आठवड्याचा कल बघा.

शिवाय ॲप उतरवताना ते काय काय परवानग्या मागतं ते वाचा. साखरेच्या नोंदीसाठी तुमची संपर्कयादी लागत नाही. गरोदरपणाची, औषधांची माहिती ही फार खासगी गोष्ट आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. ॲप काढून टाकायच्या आधी त्यातलं खातं बंद करा, नुसतं ॲप काढल्याने त्यांच्याकडची माहिती जात नाही.

पायवाट
मी उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका आहे. इथली चर्चा वाचली, पण आमच्या बायकांचं चित्र वेगळं आहे ते लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत तपासणी करतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं. उपाशी असायला लागत नाही, हे फार सोयीचं, कारण बाई सहा किलोमीटर चालत आलेली असते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागतं, आणि तेव्हा ती येईलच असं नसतं. १० मार्चला गरोदरपणातल्या मधुमेहाचा जागृती दिवस असतो, चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांचा तो जन्मदिवस. उपाशी नसतानाची ही एकाच आकड्याची तपासणी भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. मी दरवर्षी आशाताईंना घेऊन त्या दिवशी बैठक घेते.

आता मोबाइल. घरात एक फोन, तो नवऱ्याच्या खिशात, नवरा ऊसतोडीला. ॲप इंग्रजीत. बाईला वाचता येतं, पण मराठी. मग मी एक साधी गोष्ट सुरू केली. शाळेच्या वहीचं पान, चार उभे रकाने: सकाळी, नाश्त्यानंतर, दुपारी, रात्री. प्रत्येक चौकोनात आकडा आणि खाली काय खाल्लं. आशाताई शुक्रवारी जाते, पानाचा फोटो काढते, फक्त मला पाठवते. गटावर टाकायचा नाही हे मी सक्त सांगितलंय, कारण एकदा एका बाईचा फोटो गावभर फिरला होता आणि तिने वर्षभर माझ्याकडे येणं बंद केलं.

त्या पानांवरून आत्तापर्यंत तीन बायकांना वेळेत ग्रामीण रुग्णालयात पाठवता आलं. मराठीत बोलणारं, इंटरनेट नसताना चालणारं, आवाजात आकडा सांगितला तरी नोंदवणारं ॲप कोणी करत असेल तर मला सांगा. मी स्वतः बसून शब्द सुचवीन.

निरगुडी
@पायवाट, तुमचं ते वहीचं पान म्हणजे मी वर लिहिलं तेच: पलीकडे वाचणारं माणूस आहे. ॲप असूनही माझ्या कित्येक शहरी पेशंटना हे मिळत नाही. तुमच्या कामाला मनापासून नमस्कार.

आजोळ
पायवाटताई, त्या बाईच्या फोटोचं वाचून गलबललं. तुमच्यासारख्यांमुळे चाललंय सगळं.

कोकमसरबत
आणखी एक शंका. माझी मैत्रीण दंडावर ते गोल सेन्सर लावून घे म्हणतेय, बोट टोचायलाच नको. घ्यावं का?

निरगुडी
@कोकमसरबत, तो सेन्सर दंडाच्या मागे लावतात, साधारण दोन आठवडे चालतो. त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तातली नाही, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे रात्री खोटी कमी साखर दाखवू शकतो आणि ॲप दोन वाजता घणघणतं. पहिल्यापासून मधुमेह असलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर बायकांना त्याचा चांगला फायदा होतो. तुम्ही नुसत्या आहारावर असाल तर चार वेळा बोट टोचणं पुरतं. कोणत्या खाण्याने काय होतं ते शिकायला एखादा सेन्सर लावून बघायला हरकत नाही, डॉक्टरांना विचारून.

रानजाई
खर्चाचंही लिहिते, कारण कोणी सांगत नाही. मला पट्टी २२ रुपयांना पडायची. दिवसाला ४, ११ आठवडे, म्हणजे ३०८ पट्ट्या, पावणेसात हजारांच्या घरात. ॲप फुकट आहे म्हणताना हा हिशोब धरा. साखर स्थिरावल्यावर डॉक्टरांनी मला एक दिवसाआड बघायला सांगितलं असतं तर पैसे वाचले असते, पण माझी नाश्त्यानंतरची साखर शेवटपर्यंत चुकार होती. ३३व्या आठवड्यात मेटफॉर्मिन सुरू झालं. त्या दिवशीही मी रडले, उगाच. आहार नीट पाळूनही काहींना औषध लागतं.

ॲपमधून मला मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे शतपावली. आजी सांगायची, मी कधी केली नाही. एक आठवडा दुपारी जेवून लगेच १५ मिनिटं गच्चीवर फिरले आणि नोंदींत "फिरले" लिहिलं, एक आठवडा नाही फिरले. जेवण साधारण तेच. फिरलेल्या दिवसांचे आकडे जवळपास रोज १५-२० ने खाली होते. ते बघितल्यावर मला कोणी फिर म्हणायची गरजच उरली नाही.

रानजाई
धागा वर काढतेय. काल सहा आठवड्यांची तपासणी झाली, पुन्हा ७५ ग्रॅम. उपाशीपोटी ८९, दोन तासांनी १२६. ठीक आहे म्हणाले. पण गरोदरपणात ही साखर वाढलेल्या बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, म्हणून दरवर्षी तपासायचं ठरलंय. गंमत म्हणजे ज्या ॲपने मला बारा वेळा आठवण केली पट्टी लावायची, त्याने या तपासणीची एकदाही केली नाही. मी बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर मागे तारीख लिहून ठेवली होती, म्हणून गेले. ते कार्ड हरवत नाही.

शेवंती
आज पहिल्यांदाच लिहितेय. सकाळीच रिपोर्ट आला, १५१. डॉक्टरांची वेळ परवाची आहे. ॲप उतरवलं, लक्ष्य बदललं (धागा वाचला होता). तोपर्यंत काय करू? खूप भीती वाटतेय.

रानजाई
@शेवंती, आधी पाणी पी आणि बस. १५१ला परवापर्यंत थांबता येतं. या दोन दिवसांत उपाशी राहू नकोस, नेहमीचंच जेव, फक्त साखर, गूळ, फळांचे रस आणि मैदा बाजूला ठेव. भात थोडा कमी, उसळ-भाजी जास्त, आणि जेवून १५ मिनिटं फिर. मीटर असेल तर उद्यापासून चार वेळा आकडे घे, हात साबणाने धुऊन, पहिल्या घासापासून दोन तास मोजून. प्रत्येक आकड्याशेजारी काय खाल्लंस ते लिही. मीटर नसेल तर नुसतं खाणं आणि वेळ लिही, तेही त्यांना उपयोगी पडेल. परवा जाताना ती पानं बरोबर ने आणि लक्ष्याचे दोन्ही आकडे त्यांच्याकडून लिहून आण.

रात्री भीती वाटली तर इथे लिही. मी तीन वाजता जागीच असते, लेक उठवते.